पंधरा अक्षरांची चिठ्ठी

जानेवारीतल्या एका रविवारी सकाळी अकरा वाजता वाचनालयाचं कपाट उघडलं. आत डिक्शनरी होती. माझ्याकडून किल्ली काढून घेतली.

त्यानंतर सहा आठवड्यांनी बाबा गेले. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध नाही, असं डॉक्टर म्हणतील. मीही म्हणते. पण लिहायला बसले की दोन्ही एकाच पानावर येतात.

किल्ली काढून घेतली, हेही तितकंसं खरं नाही. सर म्हणाले, "टेबलावर ठेव." त्यांनी हात पुढे केला नाही. मी ठेवली. मग त्यांनी ती टेबलावरून उचलली. वीस माणसं बघत होती. कुणाला त्यात काही वेगळं दिसलं नाही. मला दिसलं. मी नोकरीला लागले तेव्हा मुलाखतीत सरांनीच विचारलं होतं, "गाव कुठलं?" मी गाव सांगितलं. "वाडी कुठली?" मी वाडी सांगितली. "बरं," म्हणाले. कोकणात वाडीचं नाव सांगितलं की पुढचं काही विचारावं लागत नाही.

रत्नागिरी शहरातलं जुनं वाचनालय. मी तिथे परिचर, म्हणजे शिपाई. अकरा वर्षं झाली. झाडणं, पुसणं, पुस्तकं जागेवर लावणं, मुदत संपलेल्या सभासदांना कार्डं लिहिणं, चहा. बाबा त्याच वाचनालयाची पुस्तकं बांधायचे. बाइंडर. पगारावर नव्हते, काम येईल तसं. फाटकी पुस्तकं पोत्यात घालून घरी आणायची, शिवायची, पुठ्ठा चढवायचा, पाठीवर नाव घालायचं. आमच्या घराला कायम खळीचा वास. मैद्याची खळ, कीड लागू नये म्हणून त्यात मोरचूद. शाळेत शेजारी बसणारी मुलगी म्हणायची, तुझ्या दप्तराला वास येतो. यायचाच.

बाबांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. अक्षरं येत होती. पुस्तकाच्या पाठीवर सोनेरी अक्षरं ठोकायची तर एकेक ओळखावं लागतं. माझ्याकडे इंग्रजी आली ती अशी. पुस्तक समोर धरून बाबा विचारायचे, "बाय, मोज गो. किती?" मी नावाची अक्षरं मोजायची. बाइंडरला शब्दाचा अर्थ लागत नाही, लांबी लागते. पाठ दोन बोटं रुंद आणि शब्द बारा अक्षरांचा, तर तो बसवायचा कसा? लांब शब्द आला की बाबा कपाळाला हात लावायचे. "ह्यो मेला कुठनं आला आता?" मी हसायची. आणि तो शब्द वहीत लिहून ठेवायची. बाबांना नको असलेले सगळे शब्द माझे.

पुढे मी मराठी शाळेतून दहावी झाले, कॉलेज केलं, बी. ए. झाले. इंग्रजी वाचता यायला लागली. बोलता नाही. बोलायला समोर कुणीतरी लागतं.

दर रविवारी दहा वाजता वाचनालयाच्या हॉलमध्ये इंग्रजी शब्दांचं मंडळ बसतं. पंधरा-वीस माणसं. बँकेतून निवृत्त झालेले, वकील, कॉलेजातले, एक डॉक्टरबाई. अध्यक्ष निवृत्त प्राचार्य. त्यांना सगळे नुसतं सर म्हणतात. वाचनालयाचे अध्यक्षही तेच. खेळ सोपा आहे. सर डब्यातून तीन इंग्रजी अक्षरं काढतात. मी ती फळ्यावर लिहिते. अर्ध्या तासात असा शब्द शोधायचा की ज्यात ती तिन्ही अक्षरं आहेत, कुठेही, कुठल्याही क्रमाने. सगळ्यांत लांब शब्द ज्याचा, त्याचं नाव फळ्यावर सगळ्यांत वर. समजा आर, एल आणि बी आली. कुणी लायब्ररी लिहितो, सात अक्षरं. कुणी रिस्पॉन्सिबिलिटी लिहितो, चौदा. चिठ्ठीवर शब्द आणि आपला सभासद क्रमांक लिहायचा, पेटीत टाकायची. जिंकणाऱ्याने उभं राहून अर्थ सांगायचा. डिक्शनरी त्या वेळात बंद. ती आतल्या खोलीत, कपाटात, कुलपात. सोमवार ते शनिवार कुणीही यावं, बघावं. रविवारी नाही.

आतल्या खोलीतच चहाची शेगडी आहे. कपाटाची किल्ली माझ्याकडे, कारण धूळ मी पुसते.

त्या मंडळात केतकी येते. सरांची पुतणी. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकवते. माझ्याच वयाची, पस्तिशीची. मी तिला केतकी मॅडम म्हणते, ती मला ताई म्हणते. ती उशिरा यायची, केस ओले असायचे, खिडकीजवळ बसायची. दहा मिनिटांत चिठ्ठी पेटीत टाकायची आणि मग मोबाइल बघत बसायची. चार रविवारांपैकी तीन रविवारी फळ्यावर तिचं नाव वर. ते मी लिहायचे.

एकदा बँकेतल्या नानांनी तिला विचारलं, "केतकी, अगं काय खातेस काय? सांग तरी आम्हाला."

ती हसून म्हणाली, "काही नाही हो नाना. सुचतात मला."

मी तेव्हा कप गोळा करत होते. ते वाक्य मी घरी घेऊन गेले. रात्री भाकरी थापताना तेच, सकाळी बसस्टॉपवर उभी राहिले तरी तेच. सुचतात.

मला आयुष्यात एकही इंग्रजी शब्द सुचलेला नाही. एकेक शोधून आणलाय. बाबांच्या औषधाच्या खोक्यात घडी करून कोंबलेला कागद असतो ना, बारीक अक्षरांचा, तो मी सपाट करून वाचलाय. शेजारचा मुलगा बोटीवर कामाला आहे, त्याचे फॉर्म भरून द्यायच्या निमित्ताने वाचलेत. हापूसच्या बागेत मोहोरासाठी औषध घालतात, त्या रिकाम्या बाटलीवरून पॅक्लोब्युट्राझॉल उतरवून घेतलाय. तेरा अक्षरं, झेडसकट. तो डिक्शनरीत निघाला नाही. तरी ठेवलाय.

वाचनालयात कॉम्प्युटर आला तेव्हा जुनी सूचीकार्डं रद्दीत निघाली. एका बाजूला पुस्तकाचं नाव, मागची बाजू कोरी. मी ती घरी आणली. एका कार्डावर एक शब्द. चपलांच्या खोक्यांत लावली. पहिल्या अक्षराप्रमाणे लावून उपयोग नसतो, कारण खेळात अक्षर कुठेही येतं. म्हणून मी शब्दातल्या सगळ्यांत दुर्मीळ अक्षराप्रमाणे लावली. शब्दात झेड असला की तो झेडच्या खोक्यात, मग तो सुरू कशानेही होवो. क्यूचं खोकं वेगळं, एक्सचं वेगळं, व्हीचं वेगळं. फळ्यावर व्ही दिसला की माझ्या डोळ्यांपुढे ते खोकं उघडतं. ही रीत मला कुणी शिकवली नाही. पाच वर्षं लागली.

आणि तिला सुचतात.

एकदा सरांच्या सांगण्यावरून मी केतकीच्या घरी पुस्तकं पोचवायला गेले होते. त्यांचं जेवण चाललं होतं. केतकी तिच्या आईशी भांडत होती. आमटीत मीठ कमी आहे यावरून. इंग्रजीत. मी दारात पिशवी घेऊन उभी. तिचा बंगला, तिची गाडी, यांचा मला कधी हेवा वाटला नव्हता. त्या भांडणाचा वाटला. मिठावरून भांडायलाही जिला इंग्रजी पुरते, तिला शब्द सुचणारच. आमच्या घरी इंग्रजी फक्त बांधायला यायची.

हेवा हा शब्द मी मुद्दाम लिहिते आहे. आमच्यातले लिहिणारे राग लिहितात, दुःख लिहितात. हेवा कुणी लिहीत नाही. त्यात आपण लहान दिसतो. मी दिसते.

दिवाळीनंतर मी चिठ्ठ्या टाकायला लागले. मला सभासद क्रमांक नाही, म्हणून नुसता शब्द. पहिल्या वेळी सर म्हणाले, "ही बिननंबरी कुणाची?" नाना म्हणाले, "पाहुणा आलाय वाटतं मंडळात." सगळे हसले. "लिही गं, पाहुणा," सर मला म्हणाले. मी फळ्यावर लिहिलं. असं सात-आठ रविवार चाललं. पाहुणा कधी तिसरा, कधी दुसरा. माझा शब्द मी माझ्या हाताने पाहुण्याच्या नावावर लिहायची, आणि मग तोच फळा पुसायची. पहिला नंबर कधी आला नाही. आला असता तर अर्थ सांगायला उभं राहावं लागलं असतं. तेच हवं होतं मला. एकदाच. पाहुणा म्हणून नव्हे, नावाने.

आता गुरुवारचं. हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

त्या रविवारच्या आधीच्या गुरुवारी केतकी वाचनालयात आली. शाळेतून थेट. म्हणाली, "ताई, मोठी डिक्शनरी दे ना गं जरा." कपाट माझ्या पाठीमागे होतं, किल्ली कमरेला.

मी म्हणाले, "नाही मॅडम. बाबांकडे बाइंडिंगला गेलीय."

का म्हणाले? तिला काही फरक पडणार नव्हता. डिक्शनरीवाचूनही तिला सुचतच होतं. पण माझ्या हातात तेवढी एकच गोष्ट होती, कुलूप, आणि मी ते तिच्यापुढे लावलं. ती म्हणाली, "बरं. बाबा कसे आहेत आता?" मी म्हणाले, "बरे आहेत." ती गेली. मला अर्धा दिवस बरं वाटलं. खोटं कशाला लिहू.

बाबा बरे नव्हते. त्यांनी चार महिन्यांत पुस्तक हातात धरलं नव्हतं. लघवीची वाट बंद झाली म्हणून सिव्हिलमध्ये ठेवलं होतं, नळी घालून घरी सोडलं. नळी, तिला पिशवी. पिशवी मी रिकामी करायचे. सकाळी कामाला जाण्यापूर्वी आणि आल्यावर. घरी सोडताना जो कागद दिला त्यावर इंग्रजीत एक लांब शब्द होता. कॅथेटरायझेशन. मी मोजला. पंधरा. झेडच्या खोक्यात लावला.

रविवार. सरांनी डब्यातून अक्षरं काढली. झेड, सी, एच. मी फळ्यावर लिहिली. लिहिता लिहिता माझा हात थांबला, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

मी आत गेले. चहा ठेवला. पाणी उकळेपर्यंत चिठ्ठी लिहिली. कप घेऊन बाहेर आले आणि ट्रे ठेवताना चिठ्ठी पेटीत सोडली.

अर्ध्या तासाने सर चिठ्ठ्या वाचायला लागले. नानांचा चिंपांझी, दहा. स्वतः सरांचा मेकॅनायझेशन, तेरा. केतकीचा स्किझोफ्रेनिया, तेरा. "बरोबरी!" नाना म्हणाले. "काका-पुतणी वाटून घ्या." मग सरांनी शेवटची चिठ्ठी उघडली. वाचली. पुन्हा वाचली. चष्मा काढून अक्षरं मोजली.

"पंधरा," ते म्हणाले. "बिननंबरी."

कुणीतरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. सरांनी हात वर केला. चिठ्ठी लांब धरली, जवळ आणली.

"हे अक्षर मी ओळखतो. मुदत संपल्याची कार्डं या अक्षरात जातात."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता. आता उभं राहायचं. मी उभीच होते.

"तू लिहिलंस?"

"हो सर."

"तू आत होतीस."

"चहा ठेवायला."

"कपाटही आतच आहे. किल्ली तुझ्याकडे." ते माझ्याशी बोलत नव्हते. हॉलशी बोलत होते. वकिलांनी मान हलवली. नाना म्हणाले, "पाहुणा घरातलाच निघाला की!" पुन्हा हसू.

तेव्हा केतकी बोलली. मनापासून बोलली, हे मला सांगायलाच हवं. "काका, असं काय करता? डिक्शनरी आत नाहीचये. तिच्या बाबांकडे बाइंडिंगला गेलीय. गुरुवारी मी मागितली तेव्हा तीच म्हणाली मला. नसलेली डिक्शनरी ती बघणार कशी?"

"मग प्रश्नच मिटला," डॉक्टरबाई म्हणाल्या.

सर म्हणाले, "उघड."

मला पळता आलं असतं. किल्ली हरवली म्हणता आलं असतं. मी कपाट उघडलं. निळ्या कापडाचे दोन खंड. बाबांनीच बांधलेले, कधीतरी पूर्वी. पाठीवर बाबांनी ठोकलेली अक्षरं.

सगळे माझ्यामागून दारापर्यंत आले होते. केतकी म्हणाली, "ताई?" एवढंच.

"आजारी बापाच्या नावावर," सर म्हणाले. "बापाच्या नावावर खोटं बोलतात ही माणसं." ही माणसं. मी एकटीच होते.

मग किल्ली. टेबलावर.

सरांनी चिठ्ठी अजून धरली होती. "या शब्दाचा अर्थ तरी माहीत आहे?"

माहीत आहे. सकाळी सहा वाजता तो अर्थ मी न्हाणीत ओतून आले होते. हात दोनदा धुऊन आले होते. त्या हॉलमध्ये त्या शब्दाचा अर्थ माझ्याइतका कुणालाही माहीत नव्हता, डॉक्टरबाई धरून. एक वाक्य बोलले असते तर कदाचित सुटले असते. माझ्या बाबांना नळी लावलीय, तिथून आलाय हा शब्द. मग त्यांनी चुकचुक केलं असतं. केतकीचे डोळे भरले असते. माझ्या बापाची पिशवी त्या टेबलावर, किल्लीच्या शेजारी आली असती, आणि त्यांनी मला माफ केलं असतं.

मी काही बोलले नाही.

"बघा," सर म्हणाले. पण ते न्यायी माणूस आहेत, तशी त्यांची ख्याती आहे. "तरी आपण अन्याय करायचा नाही. संधी देऊ." त्यांनी डब्यात हात घातला आणि स्वतः फळ्यावर लिहिलं. व्ही, एम, पी. खडू माझ्यापुढे ठेवला. "शोध. इथेच. सगळ्यांसमोर. आलं तर मीच माफी मागतो."

व्हीचं खोकं उघडलं. इम्प्रूव्हमेंट, अकरा, तो तर कुणालाही दिसला असता. त्याच्या मागे हायपरव्हिटॅमिनोसिस, सोळा, बाबांच्या गोळ्यांच्या कागदावरून आणलेला. एका क्षणात. हवा तर सुचला म्हणा.

मी खडू उचलला. मी खडू परत ठेवला.

"नाही शोधणार," मी म्हणाले.

"येत नाही, असं म्हण."

"येतो. देणार नाही."

"अगं ताई, येतोय तर सांग ना, संपेल सगळं," केतकी म्हणाली.

मी तिच्याकडे बघून म्हणाले, "मॅडम, तुम्ही इतके रविवार जिंकलात. तुम्हाला एकदा तरी फळ्यापुढे उभं करून सिद्ध करायला सांगितलं कुणी? तुमच्या मांडीवर मोबाइल असतो. कुणी विचारलं?"

ती लाल झाली. सर ओरडले, "खोटं बोलून वर तोंड करतेस?"

"खोटं मी गुरुवारी बोलले. ते माझं. त्याची शिक्षा द्या," मी म्हणाले. "चिठ्ठी आजची आहे. ती खरी आहे."

आवाज चांगला नव्हता आलेला. पण तो माझा होता आणि त्या हॉलमध्ये तो मी पहिल्यांदाच ऐकला. मग मी कप गोळा केले, कारण ते कुणीतरी गोळा करायलाच हवे होते, आणि निघाले.

घरी बाबांना सांगितलं. सगळं, गुरुवारसकट. ते खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "खरंच येत व्हता तो दुसरा शब्द?"

बाबासुद्धा. मी खोक्यातून कार्ड काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी बोट फिरवलं. मग मान हलवली.

"आणि पयला? त्याचा अर्थ का नाय सांगितलास?"

"तिथे कशाला सांगायचा?"

"माझ्या नळीची लाज वाटली तुला?"

"नाही बाबा."

"मंग?"

मला उत्तर देता आलं नाही. आज येतं. लाज नव्हती. त्यांना द्यायचं नव्हतं. त्यांच्याकडे एवढं सगळं असताना त्यांनी आमचं दुखणंही मागून घ्यावं आणि त्यावर दयाळू व्हावं, हे मला नको होतं. पण हे मला त्या संध्याकाळी बोलता आलं नाही, आणि बाबांनी माझं गप्प राहणं म्हणजे हो असं धरलं. पुढे सहा आठवडे पिशवी बदलताना ते भिंतीकडे तोंड करायचे. आधी करत नसत.

त्या संध्याकाळी मात्र थोड्या वेळाने त्यांनीच विचारलं, "किती अक्षरं म्हणालीस त्या नळीला?"

"पंधरा."

"पाठीवर नाय बसायचा," बाबा म्हणाले. "आडवा घालाया लागंल."

एवढं शेवटचं हसलो आम्ही.

बाबा गेल्यावर चौथ्या दिवशी केतकी घरी आली. फळं घेऊन. खाटेच्या जागी आता मोकळी जमीन होती, ती तिथेच सतरंजीवर बसली. म्हणाली, "मी तुझ्यासाठीच बोलले होते गं त्या दिवशी. मला काय माहीत..." वाक्य सोडून दिलं. ती खरं बोलत होती. तिचं काही चुकलं नव्हतं. तिचं कधीच काही चुकत नाही, त्याचाही मला हेवा वाटला.

मी म्हणाले, "मॅडम, मी तुमचा हेवा करते. म्हणून त्या गुरुवारी खोटं बोलले."

"माझा?" ती खरोखर गोंधळली. "माझ्यात काय आहे एवढं?"

आपल्याकडे काय आहे हे ज्याला कधी मोजावंच लागलं नाही, तोच असं विचारू शकतो. मी मोजलंय. अक्षर न् अक्षर.

जाताना ती म्हणाली, "काका विसरले पण ते. तूही विसर आता."

सर विसरले नव्हते. लिहून ठेवलं होतं. कामावर परत गेले तेव्हा टेबल पुसताना मंडळाची इतिवृत्ताची वही हाताला लागली. त्या रविवारच्या पानावर सरांच्या अक्षरात होतं: "एका चिठ्ठीबाबत परिचरांकडून गैरप्रकार झाल्याचे आढळल्याने ती बाद करण्यात आली. परिचरांना समज देण्यात आली." खाली सही. दुसऱ्या रविवारी इतिवृत्त वाचून कायम केल्याची नोंद. वीस जणांनी कायम केलं होतं. त्यात केतकी होती.

मी ते पान उभ्यानेच दोनदा वाचलं. मग फडकं बाजूला ठेवलं, खुर्चीवर बसले आणि अर्ज लिहिला. माननीय अध्यक्ष यांस. गैरप्रकार कोणता, तो कोणी पाहिला, पुरावा काय, हे लेखी कळवावे. अन्यथा ती नोंद चुकीची असल्याचे इतिवृत्तात नमूद करावे. डिक्शनरी बाइंडिंगला गेल्याचे मी एका सभासदास खोटे सांगितले, ही माझी चूक आहे, ती मी लेखी कबूल करते. चिठ्ठीतला शब्द माझा आहे.

सर म्हणाले, "अगं, एवढं काय मनाला लावून घेतेस? बाप गेलाय तुझा. घरी जा चार दिवस, आराम कर."

मी म्हणाले, "पोच द्या."

"काय?"

"अर्ज मिळाल्याची पोच. सही आणि तारीख."

त्यांनी दिली. उत्तर दिलं नाही. पुढच्या महिन्यात मी दुसरा अर्ज दिला. तोच मजकूर, पहिल्या अर्जाचा संदर्भ घालून. मग तिसरा. मंडळातले आता मला नावाने हाक मारत नाहीत, काहीच हाक मारत नाहीत. रविवारी मी फळा लिहीत नाही. कामाच्या यादीत ते नाही, हे मी यादी काढून दाखवलं. चहा यादीत आहे. चहा देते. नाना परवा म्हणाले, "कशाला भांडतेस बाई, एका शब्दासाठी?" मी म्हणाले, "तुमचा एक शब्द त्या वहीत आहे, नाना. तो खोटा आहे. तो काढा, मी थांबते."

केतकी अजून जिंकते. हेवा अजून वाटतो. तो जाईल असं मला वाटत नाही आणि तो जावा म्हणून मी आता काही करत नाही.

नोकरी आहे. सहा अर्जांच्या सहा पोचा आहेत. उत्तर एकाचंही नाही. सातवा सोमवारी देणार आहे.